वय सिद्ध करायला चेहरा का द्यायचा?

निळीशाई
नमस्कार मंडळी. मी मेलबर्नला असते. इथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब, एक्स, रेडिट, सगळे त्यात आले. व्हॉट्सॲप आणि लहान मुलांचं यूट्यूब वगळलंय. मुलांना किंवा आईवडिलांना दंड नाही. कंपनीने वाजवी पावलं उचलली नाहीत, तर तिला मात्र ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

माझी लेक पंधराची. तिचं खातं बंद होणार हे घरात आधीच बोलून झालं होतं. रडारड झाली, दोन दिवस अबोला झाला, मग संपलं. मला धक्का बसला तो पुढच्या आठवड्यात. माझं स्वतःचं खातं अडकलं! वय वर्षं चव्वेचाळीस. त्या खात्यावर मी रांगोळ्यांचे फोटो टाकते. पण लेक लहान असल्यापासून माझ्याच फोनवर नाचाचे व्हिडिओ बघत आलीये, शाळेतल्या मैत्रिणींची खाती तिने माझ्याच खात्यातून फॉलो केलेली आहेत. यंत्राने हिशोब केला की ही बाई सोळाच्या आतली असावी. आता मला दोन पर्याय दिलेत. कॅमेऱ्यासमोर चेहरा डावीकडे-उजवीकडे फिरवून दाखवा, नाहीतर ओळखपत्राचा फोटो पाठवा.

रात्री साडेअकराला स्वयंपाकघराच्या ओट्याशी फोन धरून उभी होते. पडद्यावर अंडाकृती चौकट, वर सूचना, 'चेहरा चौकटीत आणा'. खाली बारीक अक्षरांत एका तिसऱ्याच कंपनीचं नाव, कधी न ऐकलेलं. चेहरा अर्धा चौकटीत आला आणि मी फोन उलटा ठेवला.

लेकीचं खातं बंद झाल्याचं मला दुःख नाही. पण तिला बाहेर ठेवायचं म्हणून मी माझा चेहरा कुणाला तरी द्यायचा, हे पटत नाहीये. तुमच्याकडे काय चाललंय? तुम्ही असता तर काय केलं असतं?

जाईजुई
वाचतेय. माझ्या बहिणीलाही असंच आलं होतं, तिने पटकन चेहरा दाखवून टाकला. आता तिला हा धागा पाठवते.

टेम्सकाठी
निळीशाई, आम्ही हे सगळं तुमच्या आधी भोगलंय. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट २०२३ चा, पण वय तपासायची सक्ती लागू झाली २५ जुलै २०२५ ला. प्रौढांसाठीच्या साइट्स तर होत्याच, पण रेडिट, डिस्कॉर्ड (गप्पा मारायचं ॲप), एक्सवरच्या कितीतरी पानांवरही दार बसलं. ऑफकॉम ही नियामक संस्था. दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल ती.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय झालं सांगते. ॲप स्टोअरवर सगळ्यात वर व्हीपीएनची ॲप्स, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेट वापरतोय असं भासवणारी. ऑफिसातली मुलं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना शिकवत होती. कुणीतरी एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला आणि डिस्कॉर्डच्या यंत्राने तो प्रौढ म्हणून मान्य केला! कायदा रद्द करा म्हणून संसदेच्या साइटवर पाच लाखांहून जास्त सह्या झाल्या. सरकारने कायदा रद्द केला नाही.

मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. इथे छोटे छोटे हौशी मंच होते, कुणी सायकलींचे, कुणी बागकामाचे. हॅमस्टर पाळणाऱ्यांचा एक मंच होता. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज आहे. हौसेखातर रात्री जागून मंच चालवणारा माणूस कायद्याला हवा असलेला जोखमीचा अहवाल कुठून लिहिणार? काहींनी गाशा गुंडाळला. हॅमस्टरवाल्यांनीही मंच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मायलेक
मी नाशिकची. इथे सगळे विरोधात बोलणार हे दिसतंय, म्हणून लिहिते.

माझा मुलगा बारा वर्षांचा. मागच्या मे महिन्यात तो एक गेम खेळायचा, त्यात बोलायची सोय होती. एक 'दादा' त्याला रोज भेटायचा. आधी गेममधली नाणी दिली, मग शाळेचं नाव विचारलं, मग शर्ट काढून फोटो मागितला. मुलगा घाबरला, पण मला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर फोन जाईल. मला कळलं ते तो रात्री अंथरूण ओलं करायला लागला तेव्हा. बारा वर्षांचा मुलगा!

त्या 'दादा'कडे कुणी वय विचारलं होतं का? माझ्या मुलाला कुणी विचारलं होतं का? एक जन्मतारीख टाकायचा रकाना होता, त्याने २००० साल टाकलं, दार उघडलं. तुम्ही तुमच्या चेहऱ्याचं म्हणताय, ते मला कळतं. पण माझ्या मुलाचा फोटो आज कुणाकडे आहे हे मला माहीत नाही. मला कायदा हवा आहे. कडक हवा आहे.

पाटीपेन्सिल
मायलेक ताई, आधी मुलगा कसा आहे ते सांगा. सायबर पोलिसांकडे तक्रार केली का? नसेल तर १९३० हा फोन क्रमांक आहे तो पैशांच्या फसवणुकीसाठी, मुलांसाठी १०९८ वर बोला. उशीर झाला असं समजू नका.

मायलेक
@पाटीपेन्सिल, धन्यवाद सर. तक्रार केली आहे. मुलगा आता बरा आहे. समुपदेशकांकडे नेतोय दर शनिवारी.

निळीशाई
मायलेक, तुमचा प्रतिसाद वाचून हात थांबले. मी कायदाच नको म्हणत नाहीये. मुलांना दाराबाहेर ठेवायलाच हवं अशा जागा आहेत, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न दारावर कोण उभं आहे आणि तो माझ्याकडून काय ठेवून घेतो, एवढाच आहे.

सव्वारुपया
बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची दहा केवायसीतच, म्हणजे ग्राहकांची ओळख तपासण्यातच गेली. निळीशाईंचा शेवटचा प्रश्न हाच खरा आहे. एक प्रसंग सांगतो.

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. बाजूला भेळेची गाडी. दोन वर्षांपूर्वी नातवाला घेऊन भेळ खायला गेलो. पुडा उघडला तर आतल्या बाजूला आधार कार्डाची काळपट झेरॉक्स. नाव, पत्ता, बारा आकडे, सगळं स्वच्छ वाचता येत होतं, फक्त फोटोवर चिंचेच्या पाण्याचा डाग. शेजारच्या दुकानात वाकडी आलेली प्रत रद्दीत जाते, रद्दी गाडीवर येते. दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन फाडला. झेरॉक्सवाल्यालाही जाऊन सांगितलं. बिचारा ओशाळला, दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन बसला.

केवायसीत माझ्या हाताखालून हजारो प्रती गेल्या. त्यातल्या बहुतेक ठिकाणी आम्हाला फक्त एवढंच बघायचं असे की माणूस तोच आहे ना. बघून परत देता आलं असतं. पण 'प्रत फाईलला लावा' असा नियम. आणि फाईल एकदा झाली की तिची राखण करावी लागते. कागद मागणाऱ्याला तो मागताना काही खर्च येत नाही, सांभाळताना येतो, आणि तो खर्च कुणी करत नाही.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने सूचना काढली होती की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेलं आधार वापरा. दोन दिवसांत ती सूचना मागे घेतली, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. मला विचाराल तर सूचना बरोबर होती. झाकलेलं आधार आजही डाउनलोड करता येतं, शेवटचे चारच आकडे दिसतात. हॉटेलात, लॉजवर मी तेच देतो.

आडवाटेचा
@सव्वारुपया, भेळेचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. तेच आता मोठ्या प्रमाणावर होतंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने कबूल केलं की त्यांची ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. हे लोक कोण होते? ज्यांचं वय यंत्राने चुकीचं ठरवलं आणि ज्यांनी 'अहो, मी मोठा आहे' म्हणून अपील केलं ते. म्हणजे बरोब्बर निळीशाई ताईंच्या जागी उभे असलेले लोक.

जाईजुई
बापरे. बहिणीला आत्ताच फोन केला.

वकीलसाहेबा
भारतात काय आहे ते थोडक्यात लिहिते, कारण बऱ्याच जणांना वाटतंय की हे परदेशातलं प्रकरण आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुलांबाबतच्या तरतुदींसह बहुतेक नियम लागू व्हायला तेव्हापासून अठरा महिने आहेत. त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती. ऑस्ट्रेलियात सोळा, अमेरिकेत १९९८ च्या कायद्यामुळे तेरा, आपल्याकडे सरळ अठरा. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. शिवाय मुलांवर पाळत ठेवणं, त्यांच्या वागण्याची नोंद ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं, यावर बंदी. ही बंदी मला अत्यंत महत्त्वाची वाटते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलांबाबतची बंधनं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

आता गोम ऐका. संमती देणारा माणूस ओळखता येण्याजोगा प्रौढ आहे, हे कंपनीने तपासायचं. आधीपासून तिच्याकडे असलेल्या माहितीवरून, किंवा पालकाने दिलेल्या माहितीवरून, किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून मिळणाऱ्या टोकनवरून. पण तो प्रौढ त्या मुलाचा खरोखर पालक आहे का, हे नियमांतून पक्कं होत नाही. उद्या मायलेक ताईंच्या मुलाचा तो 'दादा'च म्हणाला की मी याचा पालक, तर?

आणि समोरचं मूल आहे हे कळणार कसं? मुलाने खोटं साल टाकलं तर कंपनीला संशय कसा यावा? मग सोपा मार्ग उरतो, सगळ्यांचंच वय तपासा. एका मुलाला ओळखण्यासाठी घरातल्या आजीपासून सगळ्यांनी ओळख द्यायची.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. मुलांचं रक्षण हा हेतू योग्यच आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. जेवढं लागतं तेवढंच घेताय का? २०१८ च्या आधार निकालात आधार कायद्याच्या कलम ५७ खालचा खासगी कंपन्यांचा आधार-वापर याच कसोटीवर अडकला होता.

कौलारू
छान माहिती. ओटीटीवर 'ए' दर्जाच्या, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या कार्यक्रमांना वय तपासणं २०२१ च्या नियमांतच आहे ना? आमच्याकडे तर पिन टाकला की झालं. आणि पिन काय आहे ते घरातल्या सर्वांत लहान माणसालाच माहीत असतं!

वकीलसाहेबा
@कौलारू, हो, आहे. नियमांत 'विश्वासार्ह' पडताळणी म्हटलंय. विश्वासार्ह म्हणजे काय हे कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून पिनवर भागलं.

पाटीपेन्सिल
मी सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे. माझ्या वर्गात एकेचाळीस मुलं. लॉकडाऊननंतर मी पाहणी केली होती, किती घरांत मुलाचा स्वतःचा फोन आहे. तीन. बाकी घरांत एकच फोन, तो बापाचा. बाप कामावरून आला की फोन मुलाकडे, मुलगा झोपला की आईकडे, पहाटे आजोबांचं भजन त्याच्यावर. आता या फोनचं वय किती धरायचं? निळीशाई ताईंच्या खात्याचं मेलबर्नमध्ये झालं ते आमच्या अख्ख्या गावाचं होईल. आणि संमतीचा ओटीपी येतो त्याच फोनवर, जो मुलाच्या हातात आहे. माझ्या सातवीतल्या पोरांना आईबापांपेक्षा ओटीपी लवकर कळतो. गावातल्या निम्म्या आयांचे बँकेचे ओटीपी तेच वाचून देतात.

आमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला परत भोंगा. मी मुद्दाम एका संध्याकाळी जाऊन आलो. भोंगा झाला आणि घराघरातून मालिकांचे आवाज थांबत गेले, एक एक करून. ओसरीवर पोरं पुस्तकं घेऊन बसली, त्यांच्या शेजारी बायका भाजी निवडत बसल्या. एका घरातला टीव्ही चालू राहिला, तर शेजारच्या काकू दारात जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. बंद झाला.

त्यात कुणाचं आधार लागलं नाही. कुणाचा चेहरा कुठे गेला नाही. सगळ्यांना सगळ्यांची वयं माहीत होती.

कोकणी_मेवा
सर, पण तिथे शेजारची काकू बघते ना! तो पण एक पहाराच. मी लहान गावात वाढलेली मुलगी आहे, काकूंनी बघणं काय असतं ते मला माहीत आहे. कंपनीने बघितलेलं परवडलं, असं वाटायचे दिवस होते.

पाटीपेन्सिल
@कोकणी_मेवा, बरोबर आहे तुमचं. ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. बायका-मुलींना गावाचे डोळे पुरुषांपेक्षा जास्त टोचतात. मी ते दीड तासापुरतं म्हणत होतो. यवतमाळ जिल्ह्यात बांशी गावाने २०२२ मध्ये अठराखालच्या मुलांना मोबाइलच बंद असा ठराव केला होता. तो मला तेव्हाही पटला नव्हता, कारण मोठ्यांनी स्वतःवर काही बंधन घेतलं नाही. वडगावात मोठ्यांचाही टीव्ही बंद होतो, मला आवडलं ते तेवढ्यासाठी.

अनुसया_पुणे
मी किशोरवयीन मुलींबरोबर काम करते, समुपदेशक आहे. कोकणी_मेवाच्या प्रतिसादावरून लिहावंसं वाटलं.

सतरा वर्षांची मुलगी अकरावी-बारावीत असते. पाळी चुकली, कुणी त्रास देतंय, घरात कुणी हात लावतंय, हे प्रश्न ती आधी फोनला विचारते, मग माणसाला. कितीतरी मुली माझ्यापर्यंत पोचल्या त्या रात्री कुठेतरी काहीतरी वाचून. आता ते वाचायला खातं हवं, खात्याला संमती हवी, आणि संमती देणार घरातला पुरुष. त्रास देणाराच तो असेल तर?

नियमांत दवाखाने, मानसिक आरोग्य केंद्रं, शाळा यांना काही सूट आहे, ईमेल खातं उघडण्यालाही आहे. ते चांगलं झालं. पण मुली पहिल्यांदा दवाखान्याच्या साइटवर जात नाहीत. त्या जातात तिथे, जिथे त्यांच्यासारखीच कुणीतरी बोलत असते.

मायलेक, तुमचं दुःख मी रोज समोर बघते. बारा वर्षांच्या मुलाला अनोळखी माणूस गाठतो, हे थांबलंच पाहिजे. पण ते थांबवायला अनोळखी मोठ्या माणसांना मुलांना निरोपच पाठवता येऊ नये अशी रचना करायला लावा कंपन्यांना. ते त्यांना जमतं. बारा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी यांना एकाच कुलुपात घालू नका.

मायलेक
@अनुसया_पुणे, हे मात्र पटलं. बाराला आणि सतराला एकच नियम नको. आणि निरोपाचं तुम्ही म्हणालात ते पहिल्यांदाच ऐकलं. तो गेममधला बोलायचा रस्ताच बंद असता, तर वय विचारायची वेळच आली नसती.

कोरा_कागद
सॉफ्टवेअरमध्ये आहे, ओळख-पडताळणीचंच काम करतो. त्यामुळे थोडं तपशिलात.

वय जाणून घ्यायला नाव लागत नाही. जत्रेतला महाप्रसाद आठवा. एका खिडकीवर तुम्ही कूपन घेता. पंगतीच्या दारावरचा माणूस कूपन बघतो आणि आत सोडतो. खिडकीवाल्याला तुम्ही कुठल्या पंगतीत बसलात ते कळत नाही, दारावरच्याला तुमचं नाव कळत नाही. वयाचंही असंच करता येतं. बँक किंवा सरकार एकदा तुमचं वय बघून सहीशिक्क्याचं डिजिटल कूपन तुमच्या फोनमध्ये देतं, 'ही व्यक्ती अठराच्या वर आहे'. साइटला फक्त ते कूपन जातं. तुम्ही कुठे वापरलं ते बँकेला कळत नाही, तुम्ही कोण ते साइटला कळत नाही. फ्रान्सच्या माहिती संरक्षण संस्थेने २०२२ मध्येच असा नमुना करून दाखवला. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये याच दिशेचं ॲप काढलं, डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्पेन हे पहिले पाच देश.

चेहऱ्यावरून वय ओळखणं वेगळं. तो अंदाज आहे. पंचवीस आणि बारा यांत फरक करायला बरा, पण पंधरा आणि सोळा यांत नेमका तिथेच चुकतो. त्वचेचा रंग आणि लिंग यांनुसारही चूक कमीजास्त होते. ऑस्ट्रेलिया सरकारने करून घेतलेल्या चाचणीच्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, ती माझ्या धंद्यातल्या लोकांनी भिंतीवर लावावी. काही पुरवठादार उद्या सरकार मागेल या अंदाजाने आजच गरजेपेक्षा जास्त माहिती साठवायच्या तयारीत होते. कुणी मागितलीच नव्हती!

मी अशा बैठकांना बसलोय. कुणीतरी हमखास म्हणतो, 'असू दे, ठेवून देऊ, पुढेमागे लागेल.' सव्वारुपया काकांची 'प्रत फाईलला लावा' ती हीच. मी तिथे वाद घालतो, कधी जिंकतो, जास्त वेळा हरतो. सर्वांत सुरक्षित माहिती ती, जी आपण घेतलीच नाही, हे मला बारा वर्षांच्या नोकरीत पुनःपुन्हा दिसलं आहे.

सव्वारुपया
कूपन आवडलं. पण कोरा_कागद, कूपन दुसऱ्याला देता येतं की! आमच्या जत्रेत एकाच कूपनावर तीन भाऊ जेवून यायचे.

कोरा_कागद
@सव्वारुपया काका, हो. तो दोष आहेच, लपवत नाही. कूपन त्या फोनला बांधता येतं, फोनच्या कुलुपाला बांधता येतं. पण फोनच घरात सगळ्यांचा असेल, पाटीपेन्सिल सर सांगतात तसा, तर काही उपाय नाही. थोडी मुलं निसटतील. मला ते चालेल. सगळ्यांच्या ओळखपत्रांचं गोदाम उभं करण्यापेक्षा चालेल.

आडवाटेचा
गोदामावरून आठवलं. कामानिमित्त दोन वर्षं सोलला होतो. कोरियाने हा प्रयोग आधीच करून पाहिलाय. २००७ पासून मोठ्या साइट्सवर काही लिहायचं तर खऱ्या ओळखीची सक्ती, नागरिक क्रमांकासकट. २०११ मध्ये एका झटक्यात साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास, यावरून अंदाज करा. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. माझा तिथला सहकारी म्हणायचा, पासवर्ड बदलता येतो, जन्मक्रमांक कसा बदलू?

चेहऱ्याचंही तेच आहे, ताई.

टेम्सकाठी
+१. आणि ब्रिटनने २०१७ मध्येही असाच कायदा केला होता, तो लागू न करताच ऑक्टोबर २०१९ मध्ये सोडून दिला. तेव्हाही खासगीपणाचा मुद्दा होता. सहा वर्षांत कूपनाची नीट सोय करता आली असती. ती न करता पुन्हा तेच दार बसवलं, याचा मला राग येतो.

कौलारू
अवांतर: हा धागा माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीला वाचायला दिला. ती म्हणते, 'मोठे लोक आमच्याबद्दल इतकं बोलतात, पण आम्हाला रात्री दोनपर्यंत स्क्रोल करायला लावणारं बटण काढा असं कुणीच म्हणत नाही.'

अनुसया_पुणे
@कौलारू, भाचीला माझा नमस्कार सांगा. अगदी हेच. न संपणारी यादी, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, रात्री येणारे इशारे. हे बदलायला कुणाचंच वय तपासावं लागत नाही. सगळ्यांसाठीच बदला.

वकीलसाहेबा
म्हणूनच मी वर म्हटलं, आपल्या कायद्यातली मुलांवर पाळत आणि हेरून जाहिराती यांवरची बंदी जास्त मोलाची आहे. पण ती कागदावर राहू नये म्हणून लोकांनी विचारत राहावं लागेल.

निळीशाई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात दोन गोष्टी आहेत, त्या वापरा. सरकारी ओळखपत्र हा एकमेव मार्ग कंपनी ठेवू शकत नाही, दुसरा वाजवी पर्याय द्यावाच लागतो. आणि वय तपासण्यासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करावी लागते. कंपनीला लेखी विचारा, चेहरा आणि ओळखपत्र सोडून तिसरा मार्ग कोणता?

निळीशाई
वकीलसाहेबा, खूप आभार. आजच लिहिते.

निळीशाई
(अकरा दिवसांनी)
मंडळी, उत्तर आलं म्हणून धागा वर काढतेय.

पहिली दोन उत्तरं छापील होती, 'कृपया चेहरा चौकटीत आणा' अशीच. तिसऱ्यांदा मी कायद्यातल्या तरतुदीचा उल्लेख करून लिहिलं, तेव्हा कुणा माणसाने वाचलं असावं. तिसरा मार्ग होता! बँकेच्या ॲपमधून. तो पहिल्या पानावर दिसतच नव्हता, 'इतर पर्याय' अशा फिकट राखाडी अक्षरांखाली होता. दाबल्यावर माझ्या बँकेचं ॲप उघडलं आणि त्यात एकच ओळ आली, 'ही व्यक्ती सोळा वर्षांपेक्षा मोठी आहे, एवढंच कळवायचं का?' हो म्हटलं. नाव नाही, जन्मतारीख नाही. कोरा_कागद, हे तुमचं कूपनच ना? नऊ सेकंदांत खातं उघडलं. लेक शेजारी बसून मोजत होती.

मायलेक, तुमच्या मुलाची रोज आठवण येते. तुमच्यामुळे मी आमच्या शाळेच्या पालकसभेत विषय काढला. अनोळखी माणसांचे निरोप सगळ्या गेममध्ये कसे बंद करायचे, ते आम्ही चार आयांनी बसून पंचवीस पालकांच्या फोनवर करून दिलं.

एक गोष्ट राहिलीये. त्या पहिल्या रात्री माझा अर्धा चेहरा चौकटीत आला होता. तो कॅमेऱ्याने टिपला का, टिपला असेल तर पुसला का, हे मी त्या तिसऱ्या कंपनीला लेखी विचारलंय. आज आठवा दिवस.

सव्वारुपया
पत्र पाठवल्याची तारीख आणि वेळ टिपून ठेवा, आणि पंधराव्या दिवशी स्मरणपत्र. पोच घ्यायला विसरू नका.

मायलेक
निळीशाई, ते निरोप बंद करायचं कसं केलंत ते टप्प्याटप्प्याने इथे टाकाल का? आमच्या सोसायटीत रविवारी बसतोय आम्ही.